तासभर शिकवलंस, पुस्तक उघडलं नाहीस

बस. ती खुर्ची नको, मुलांच्या बाकावर बस. वर्गात पोरांसमोर मी अवाक्षर काढलं नाही ते तुझी अब्रू राखायला. आता इथे तिसरं कुणी नाही, तेव्हा मुकाट्याने ऐकून घ्यायचं. मध्येच 'पण मादाम' करायचं नाही. तुझे सगळे 'पण' मी तू माझ्या वर्गात होतास तेव्हापासून ऐकत आले आहे.

आज अख्खा तास मी तपासणीसाठी मागच्या बाकावर बसले होते. तेर्मिनालचा, म्हणजे लिसेच्या शेवटच्या वर्षाचा वर्ग, बाकालोरिआ परीक्षेच्या उंबरठ्यावरची पोरं, एकेका बाकावर तिघं-तिघं कोंबलेली. धडा उस्मान सेम्बेनच्या 'ले बू द ब्वा द द्यू' या कादंबरीचा. तू आलास, फळ्यावर तारीख घातलीस आणि सुरू झालास: लिहून घ्या. रोमन एक, लेखकाचं चरित्र. रोमन दोन, कथासार. रोमन तीन, प्रमुख विषय. त्याखाली अ, ब, क. स्वल्पविराम आला की 'स्वल्पविराम' म्हणत होतास, वाक्य संपलं की 'पूर्णविराम'. पोरांनी माना वर केल्या त्या फक्त पेन झटकायला. आणि पुस्तक? ते तुझ्या पिशवीतून डोकावत होतं. तास संपेपर्यंत ते पिशवीतच राहिलं.

मधल्या सुट्टीत मी तिसऱ्या बाकावरच्या मुलीची वही मागून घेतली. अक्षर मोत्यासारखं, मथळ्यांखाली लाल रेघा. तिला विचारलं, या कादंबरीतली पेंदा कोण गं? ती चाचरली. म्हणाली, मादाम, ते अजून लिहून दिलेलं नाही. तिचा दोष नाही. जे लिहून दिलं नाही ते अस्तित्वातच नाही, हे तूच तिला शिकवलंस.

आणि लिहून दिलंस ते तरी तुझं होतं का? ते वाक्य न् वाक्य मला ओळखीचं होतं. परीक्षेच्या हंगामात दुकानादुकानात जी फासिक्युलं, तयार उत्तरांची गाइडं, मिळतात ना, त्यातल्या एकातलं. मी बाकालोरिआचे पेपर तपासते, विसरलास? एका गठ्ठ्यात तेच वाक्य, दुसऱ्या गठ्ठ्यात तेच वाक्य, छपाईतली चूकसुद्धा जशीच्या तशी. परीक्षकाला काय वाटतं ठाऊक आहे? मुलांची कीव येते आणि मास्तरचा राग. कॉपी करताना पोरगं सापडलं तर आपण त्याला परीक्षेतून बाहेर काढतो. तू रोज कॉपी करतोस आणि महिनाअखेरीस पगार घेतोस.

आता मुख्य गोष्टीकडे येते. अरे, ही कादंबरी तू कुठे बसून शिकवतो आहेस? पॅरिसमध्ये? ती घडते बामाकोत, डकारमध्ये आणि आपल्या सेनेगलच्या या त्येसमध्ये. 10 ऑक्टोबर 1947 ला डकार-नायजर रेल्वेच्या कामगारांनी काम थांबवलं आणि 19 मार्च 1948 पर्यंत ते परतले नाहीत. पाच महिन्यांहून जास्त. त्यांचं मागणं एवढंच की गोऱ्या आणि काळ्या कामगारांना वेगवेगळ्या वेतनश्रेणी नकोत, एकच लावा. त्या रेल्वेचा मोठा कारखाना याच गावात होता. तुझ्या वर्गातल्या निम्म्या मुलांची घरं रुळांपासून हाकेच्या अंतरावर आहेत. कुणाचे तरी पणजोबा त्या संपात असतील, कुणाच्या पणजीने तेव्हा चूल कशी पेटवली याची गोष्ट घरात अजून सांगितली जात असेल. तू विचारलंस का एकाला तरी? घरी जाऊन विचारून या, असं सांगितलंस का? या गावावरच्या कादंबरीचा धडा घेतलास आणि तासाभरात त्येस हे नाव एकदाच आलं, तेही 'कथानकाची स्थळे' या मथळ्याखाली, डकारच्या नंतर.

संप खरा, माणसं कादंबरीकाराने घडवलेली. मग दोहोंत काय जुळतं, काय त्याने रचलं, का रचलं, हा प्रश्न साहित्याचा मास्तर विचारणार नाही तर कोण विचारणार? इतिहासाचा मास्तर तरी 1947 सांगून मोकळा होतो, त्याला तेवढंच काम आहे.

सेम्बेनचं चरित्र तू कसं सांगितलंस? जन्म 1923, झिगँशोर, मृत्यू 2007, लेखक व चित्रपट दिग्दर्शक, पूर्णविराम. अरे, तो शाळेतून काढून टाकलेला मुलगा होता! हेडमास्तरने मारलं, त्याने उलट हात उचलला आणि शिक्षण संपलं. मग गवंडीकाम केलं, मेकॅनिकचं काम केलं, युद्धात फ्रेंच सैन्यात गेला, पुढे मार्सेयच्या धक्क्यावर गोदी कामगार झाला. ओझी उतरवताना पाठ मोडली. त्या दुखण्यात आणि कामगार संघटनेच्या ग्रंथालयात त्याचं वाचन झालं. 1956 ला पहिली कादंबरी, 1960 ला ही. तुझ्या वर्गात शेवटच्या बाकावर दोघं बसतात, ज्यांना तू 'वाया गेलेले' म्हणतोस. मला म्हणालास, शिक्षकांच्या खोलीत, मोठ्याने. त्या दोघांना ही हकीकत सांगायची सोडून तू त्यांना दोन तारखा दिल्यास.

आणि मुली. वर्गात निम्म्याहून जास्त मुली आहेत. या कादंबरीत बायका काय करतात ते तू 'क' मध्ये एका ओळीत उरकलंस: स्त्रीचे स्थान. कंपनी नळ तोडते, दुकानदार उधारी बंद करतात, घरात दाणा नाही. रामातुलाय आपल्याच भावाचा माजलेला मेंढा कापते, कारण त्याने पोरांच्या वाट्याचा तांदूळ खाल्लेला असतो. मग शिपाई दारात येतात आणि गल्लीतल्या बायका त्यांच्याशी भिडतात. हे पान वर्गात मोठ्याने वाचलं असतंस तर घंटा वाजलेली कुणाला कळली नसती. त्येसहून डकारपर्यंत बायका पायी निघतात, सत्तर किलोमीटर. पुढे असते पेंदा, गावाने जिला वेश्या म्हणून नावं ठेवली ती. डकारच्या वेशीवर ती गोळीला बळी पडते. मोठमोठे कामगार पुढारी सोडून लेखकाने त्या मोर्चाची धुरा हिच्याकडे का दिली? एवढा एक प्रश्न टाक आणि बाजूला हो. पोरी भांडतील, मुलगे आवाज चढवतील, शेजारच्या वर्गातून तक्रार येईल. येऊ दे. मी उत्तर देईन.

न्देय तूतीचं तर तू नावही घेतलं नाहीस. शिकलेली मुलगी, परदेशी प्रेमकथा वाचणारी, सिनेमे बघणारी, आपलंच घर, आपलीच गल्ली जिला ओंगळ वाटते. आफ्रिकन लेखकाचं पुस्तक ती हातात घेत नाही, त्यातून आपल्याला काही मिळणार नाही हे तिने आधीच ठरवून टाकलेलं असतं. सेम्बेनने ही मुलगी 1960 ला लिहिली. ती आज तुझ्या वर्गात दुसऱ्या रांगेत बसली आहे, फोनवर पॅरिसच्या मुलींचे व्हिडिओ बघते. तिला आरसा दाखवणारी पानं तुझ्या पिशवीत होती.

मला वाटलं होतं इथपर्यंत बोलून थांबेन. पण मग मला तो डबा दिसला.

हो, टेबलावरचा पत्र्याचा डबा. वर्गात वोलोफ शब्द तोंडातून गेला की पंचवीस फ्रँक. मुलांनीच सांगितलं मला. आणि वर हिशेबाची वहीसुद्धा ठेवली आहेस, कुणाचे किती बाकी. लाज नाही वाटली? वसाहतीच्या काळात शाळाशाळांत मायबोली बोलणाऱ्या पोराच्या गळ्यात लाकडाचा तुकडा नाहीतर हाड बांधायचे. त्याला 'सिंबोल' म्हणायचे. ज्याच्या गळ्यात तो असेल त्याने दुसरं कुणी बोलताना पकडायचं आणि तो त्याच्या गळ्यात घालायचा. मुलंच मुलांवर हेर. माझ्या वडिलांच्या गळ्यात तो होता. तू लाकडाच्या जागी नाणं ठेवलंस, एवढीच तुझी प्रगती. आणि पंचवीस फ्रँक तुझ्या दृष्टीने काही नसतील. ज्या पोराचा नाश्ता घरून येत नाही त्याच्या पावाच्या पैशांतून जातात ते.

आणि कोणतं पुस्तक शिकवताना हा डबा ठेवलास? याच कादंबरीत, वाटाघाटींच्या टेबलावर, बाकायोको रेल्वेच्या साहेबांना काय ऐकवतो ते वाचलंस का? तो म्हणतो, तुम्हाला आमची एकही भाषा येत नाही ही तुमची अडचण आहे, म्हणून आम्ही निव्वळ सौजन्यापोटी फ्रेंच बोलतो आहोत. हे सौजन्य कायम टिकेल असं समजू नका. संपाचा पुढारी साहेबाच्या तोंडावर, उत्तम फ्रेंचमध्ये हे बोलतो, आणि त्याच कादंबरीच्या तासाला त्येसची पोरं वोलोफ बोलली म्हणून दंड भरतात! सेम्बेनला हे सांगितलं असतं तर त्याने यावर सिनेमा काढला असता. काढलाही असता वोलोफमध्येच. 1968 चा 'मांदाबी' त्याने वोलोफमध्ये काढला तो याच कारणासाठी, ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यापर्यंत पोचायचं म्हणून.

दुसरी बाजूही त्याने सोडलेली नाही. बामाकोतली छोटी आजिबिजी आजीशी बोलताना मध्येच एक फ्रेंच शब्द टाकते आणि न्याकोरो म्हातारी भडकते. मी बाम्बारात बोलते आणि तू मला टोपकऱ्यांच्या भाषेत उत्तर देतेस? लेखक कुणाच्या बाजूने आहे? नातीच्या की आजीच्या? उत्तर सोपं नाही. मुलगी हुशार आहे, तिला फ्रेंच हवं आहे, आणि म्हातारीचं दुःखही खरं आहे. यावर तुझ्या वर्गातली सगळी मुलं बोलू शकतात, कारण प्रत्येकाच्या घरी एक म्हातारी आहे. काही घरांत ती सेरेर बोलते, काहींत पुलार. या विषयावर बोलायला त्यांना कुठलं फासिक्युल लागणार नाही.

तुला वाटत असेल, ही म्हातारी मादाम नवे विचार घेऊन आली. नवे? 1817 साली सेंट-लुईत ज्याँ दारने पहिली फ्रेंच शाळा काढली. तो फ्रान्समधून आलेला मास्तर. लवकरच त्याच्या लक्षात आलं की पोरं पोपटासारखी घोकतात आणि त्यांना ओ की ठो कळत नाही. मग त्याने वोलोफ शिकून घेतलं, पोरांना आधी वोलोफमधून शिकवलं, पुढे वोलोफचा शब्दकोश केला, व्याकरण लिहिलं. दोनशे वर्षांपूर्वी एका परक्या माणसाला जे कळलं ते तुला, वोलोफ आईच्या पोटी जन्मलेल्याला, कळत नाही.

पण आता दुसऱ्या टोकाला पळू नकोस. तुझी ती जुनी खोड आहे. एक चूक दाखवली की तिच्या उलटी चूक करून दाखवायची. मी वोलोफची बाजू घेतली म्हणजे फ्रेंच सैल सोड असं म्हटलेलं नाही. बाकालोरिआचा परीक्षक रेज्युमे म्हणजे सारांश मागतो, कोमांतेर म्हणजे भाष्य मागतो, दिसेर्तास्यों म्हणजे निबंध मागतो, आणि वीसपैकी गुण देताना पोराच्या आईची भाषा विचारत नाही. विद्यापीठ फ्रेंचमध्ये आहे, कोर्ट फ्रेंचमध्ये आहे, सरकारी अर्ज फ्रेंचमध्ये आहे. ज्याला ही भाषा नीट येत नाही त्याला या देशात कुणीही कारकून तासभर बाहेर उभा करतो. तेव्हा फ्रेंच द्यायचंच, आणि चोख द्यायचं. तू देत नाहीस ही माझी तक्रार आहे! फळ्यावरचं उतरवून घेतल्याने हात चालतो, भाषा येत नाही. ज्याने वर्षभरात स्वतःचं एक वाक्य रचलं नाही त्याला तू वर्षअखेरीस चार पानांचा निबंध लिहायला बसवणार.

मग काय करायचं? सांगते, लिहून घे. आज तू लिहून घे. एक पान निवड. मेंढ्याचं निवड. तू मोठ्याने वाच, आणि तोंडातल्या तोंडात नको. मग मुलांना विचार, काय घडलं? वोलोफमध्ये सांगू देत, हसू देत, एकमेकांना दुरुस्त करू देत. एकदा गोष्ट त्यांच्या हातात आली की मग भाषेकडे वळ. इथे इम्पारफे आहे, तिथे पासे सांप्ल का आला? मेंढा अंगणात हिंडत होता आणि बाईने सुरा उचलला, या दोन क्रियापदांत जो फरक आहे तो व्याकरणाच्या पुस्तकातल्या कोष्टकाने नाही कळायचा, या पानावर कळेल. मग प्रत्येकाने आठ ओळी लिहायच्या, स्वतःच्या, फ्रेंचमध्ये. रामातुलायच्या जागी तुमची आई असती तर. चुका होतील. होऊ देत, मग दुरुस्त कर. पण लाल शाईने अख्खं पान रक्तबंबाळ करू नकोस. एका वेळी एक चूक धर, आठवडाभर तीच धर. शुद्धलेखनाचा अतिरेक या देशाने वरपासून खालपर्यंत पाहिला आहे. सेंगोर 1935 चे व्याकरणाचे आग्रेजे, म्हणजे फ्रान्सची अवघड शिक्षक-परीक्षा उत्तीर्ण झालेले, आणि पुढे देशाचे राष्ट्राध्यक्ष. त्यांच्या राजवटीत सेम्बेनच्या 'सेद्दो' चित्रपटावर बंदी आली तेव्हा पुढे केलेलं कारण काय, तर नावात 'डी' एक की दोन! खरं कारण काय होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. तू एवढा मोठा वैयाकरणी नाहीस, तेव्हा जपून.

पुस्तकं नाहीत, असं म्हणणार होतास ना? ओठांवर आलंच होतं. सगळ्यांकडे नाहीत, खरं आहे. डकारच्या फुटपाथवर जुनी पुस्तकं विकणारे कशासाठी बसतात? एकदा जा, चार-पाच प्रती घेऊन ये. बाकासाठी एक प्रत, नाहीतर एका पानाची झेरॉक्स, नाहीतर फळा. आज तू फळाभर फासिक्युल लिहिलंस, त्याच फळ्यावर सेम्बेनच्या पंचवीस ओळी मावल्या असत्या. अभ्यासक्रम संपत नाही? नको संपू दे. एक कादंबरी खरीखुरी वाचलेलं पोर दुसरीवर बोलू शकतं. सहा कादंबऱ्यांचे सारांश पाठ केलेलं पोर एकीवरही बोलू शकत नाही, हे मी दर जुलैत पेपर तपासताना बघते.

आणि 'पातळी घसरली' हे वाक्य माझ्यासमोर पुन्हा उच्चारू नकोस. शिक्षकांच्या खोलीत चहा घेताना सगळे हेच म्हणतात. मी शिकत होते तेव्हाचे मास्तरही हेच म्हणायचे, आमच्याबद्दल. माध्यमिकच्या मास्तरने प्राथमिकवर ढकलायचं, लिसेच्या मास्तरने माध्यमिकवर. नाचता येईना, अंगण वाकडं. ती पोरं तुझ्याकडे तीन वर्षं आहेत. तीन वर्षांत काय केलंस ते सांग.

संघटनेच्या संपात तू सगळ्यांच्या पुढे असतोस, मला माहीत आहे. पगार वेळेवर मिळावा, भत्ते मिळावेत, त्यात चुकीचं काही नाही. मीही माझ्या काळात घोषणा दिल्या आहेत. पण ज्या मास्तरला रस्त्यावर संपाचा अर्थ कळतो, त्याला संपावरच्या सर्वांत मोठ्या आफ्रिकन कादंबरीतून मुलांना सांगायला रोमन तीन, 'अ' च्या पलीकडे काही सापडू नये? तिथे तुझा आवाज चढतो आणि वर्गात येऊन पुटपुटतोस.

पुढच्या महिन्यात मारियामा बाची कादंबरी आहे ना, 'युन सी लाँग लेत्र'? 1979 चं पुस्तक, नवऱ्याच्या मृत्यूनंतरचे इद्दतचे दिवस आणि मैत्रिणीला लिहिलेलं लांबलचक पत्र. त्या नवऱ्याने, मोदूने, मुलीच्या वयाच्या, मुलीच्याच मैत्रिणीशी दुसरं लग्न केलं होतं. तुझ्या वर्गात किती पोरींच्या घरात दुसरी आई आहे, तुला ठाऊक आहे का? त्या तासाला पुन्हा 'बहुपत्नीत्व: कारणे व परिणाम' असा मथळा फळ्यावर दिसला तर माझा अहवाल थेट वरच्या कार्यालयात जाईल. आजचा मी अजून लिहिलेला नाही. तू हुशार विद्यार्थी होतास, आळशी होतास तरी. आळस मी एकदा माफ करते.

सोमवारी पहिल्या तासाला मी पुन्हा येते आहे. त्याआधी मुलांच्या नावावर जेवढे दंडाचे पैसे लिहिले आहेत तेवढे ज्याचे त्याला परत कर, वहीत सही घे आणि ती वही मला आणून दे. मग मेंढ्याचं पान काढ आणि वाचायला लाग.